गोगोलला चाल लावताना

आमच्या नाटकाच्या गटात 'या सिनेमाचं संगीत नाटक व्हायला हवं' हे वाक्य दर तालमीनंतर कुणीतरी टाकायचंच. एकदा ठरवलं, बोलणं पुरे, करूनच बघू. लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मात्रा मोजून लिहायची हौस मला एकटीलाच होती.

पहिला हात घातला '१२ अँग्री मेन'ला. सिनेमा १९५७चा, पण मूळ १९५४चं टीव्हीवरचं नाटक. खुनाच्या खटल्यात निकाल ठरवायला बसलेले बारा ज्यूरी, सगळं एका खोलीत. रंगमंचावर अलगद बसेल असं वाटलं. चार पदं लिहिली आणि पहिल्या वाचनातच सगळं बसलं, म्हणजे खाली बसलं. त्या गोष्टीत शंका हळूहळू मुरते. माणूस बोलता बोलता अडखळतो आणि त्या अडखळण्यातून त्याचं मत फिरतं. पद म्हणणाऱ्याला मात्र आपल्या मनात काय आहे ते स्वच्छ ठाऊक असावं लागतं. त्याने सूर लावला की शंका संपलीच. शिवाय एक पद चार मिनिटं खातं, तेवढ्यात मूळ संहितेत दोन माणसांची मतं फिरलेली असतात.

आमचा संगीतकार म्हणाला, "नाटक चांगलं आहे म्हणून घेऊ नकोस. त्यात भोकं कुठे आहेत ते बघ."

हे मला 'पिग्मॅलियन'वरून उमगलं. नाटककार बर्नार्ड शॉने हयात असेपर्यंत या आपल्या नाटकाचं संगीतक होऊ दिलं नाही. नंतर रॉजर्स आणि हॅमरस्टाइनसारख्या मातब्बर जोडीनेही नाद सोडला. १९५६ला लर्नर आणि लो यांना 'माय फेअर लेडी' जमलं, कारण मूळ नाटकात अंकांच्या मधे उरकून जाणाऱ्या गोष्टी, फुलवालीची शिकवणी, नाचाचा समारंभ, त्यांनी प्रेक्षकांसमोर आणल्या. गाण्यांना तिथे जागा होती. आधीच भरलेल्या प्रवेशात गाणं कोंबलं की दोघांचेही हाल.

मग रशियन लेखक गोगोलचं 'इन्स्पेक्टर जनरल' काढलं. त्यात एका गावातले लाचखाऊ अंमलदार ख्लेस्ताकोव्ह नावाच्या थापाड्या तरुणाला सरकारी इन्स्पेक्टर समजून बसतात. नाटक १८३६चं, लेखक १८५२ला गेलेला, त्यामुळे परवानगीसाठी पत्रं लिहिणं टळलं. भाषांतराचे हक्क वेगळे असतात हे मात्र वेळेवर कळलं. रशियन शिकलेली एक मैत्रीण शेजारी बसून मुळातून अर्थ सांगत गेली, मी संवाद नव्याने लिहिले.

पहिली चूक नांदीची. मी गावातल्या झाडून सगळ्या लाचखाऊ अंमलदारांचं झकास समूहगीत लिहिलं. पण गोगोल पहिल्याच वाक्यात बातमी फोडतो: इन्स्पेक्टर येतोय! माझ्या गाण्यापायी ती पाच मिनिटं उशिरा यायला लागली आणि शिळी झाली. गाणं काढलं. वाईट वाटलं, कारण यमकं फार सुरेख जमली होती.

ख्लेस्ताकोव्हच्या थापांचा प्रवेश मात्र आयता गाण्याचा. सातशे रूबलचं कलिंगड, पॅरिसहून बोटीने आलेलं सूप, त्याला बोलावायला धावणारे पस्तीस हजार निरोपे. थापेगणिक लय चढवत नेली. चाल मध्यलयीत सुरू व्हायची, पस्तीस हजारांपर्यंत पोचताना तबलजी घामाघूम. गाणारा नट पहिले काही दिवस आकडाच विसरायचा आणि तोंडाला येईल तो फेकायचा. ते इतकं शोभून दिसलं की आम्ही त्याला टोकणं सोडून दिलं.

खरी भेट मिळाली ती बॉबचिन्स्कीकडून. एकमेकांचं वाक्य तोडणाऱ्या दोन बडबड्यांपैकी हा एक. चौथ्या अंकात तो त्या तोतयाला विनंती करतो: राजधानीत गेलात की बड्या लोकांना एवढंच सांगा, अमुक गावात प्योत्र इव्हानोविच बॉबचिन्स्की राहतो. बस, एवढंच. वाचताना ही ओळ विनोद म्हणून निघून जाते. आम्ही तिथे तबला काढून टाकला, नुसत्या पेटीवर त्याला स्वतःचं नाव तीनदा म्हणू दिलं. तालमीत हसणारे तिसऱ्या वेळी गप्प झाले. हे भोक मला दिसलं नव्हतं, संगीतकाराला दिसलं.

भांडण झालं ते शेवटावरून. पत्र वाचून तोतयाचं बिंग फुटतं, शिपाई येऊन खरा इन्स्पेक्टर आल्याचं सांगतो, आणि सगळे जागच्या जागी थिजतात. गोगोलची सूचना आहे, जवळजवळ दीड मिनिट तसंच राहायचं. गटाचा आग्रह होता, शेवट भैरवीनेच व्हायला हवा. चालही तयार होती, आणि उत्तम होती, हेच दुखणं! माझं म्हणणं, दोन तास गाणी ऐकल्यावर ती शांतता दुप्पट मोठी वाटेल. दोन दिवस कुणी धड बोललं नाही. अखेर संगीतकारानेच भैरवीचा कागद दुमडून खिशात घातला.

मोबाइलवर वेळ लावून तालीम केली. विसाव्या सेकंदाला कुणीतरी खोकलं, चाळिसाव्याला महापौराचा वर उचललेला हात थरथरू लागला. तबलजीने हात मांडीखाली दाबून धरले होते. पेटीचा भाता उघडा राहिला होता, त्यातून हवा सुस्कारा टाकल्यासारखी बाहेर पडली आणि सगळे फिस्सकन हसले. तेव्हापासून शिपाई आत यायच्या आधीच भाता मिटून अडकवायचा, अशी नोंद संहितेत आहे.