चमकलं म्हणजे झिंक नव्हे

वसमतकडचे एक काका हळदीच्या लागवडीआधी आमच्या कॉलेजात आले. हातात झिंक सल्फेटची फोडलेली पिशवी. "सर, खरं हाय का तेवढं बघा. लई पैसे घातलेत." खताचा अधिकृत अहवाल आम्हाला देता येत नाही, हे मी सांगत होतो, पण एमएस्सीच्या पोरांनी त्याच दिवशी ऑक्झाइनचा प्रयोग मांडला होता. मग कोण ऐकतंय!

ऑक्झाइन, म्हणजे ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन, एकटं असताना अतिनील प्रकाशात जेमतेम चमकतं. प्रकाश शोषतं, पण त्याच्या ऑक्सिजनवरचा हायड्रोजन शेजारच्या नायट्रोजनकडे सरकतो आणि ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. तळाला भोक पडलेला रांजणच. झिंकचा आयन त्या हायड्रोजनला हटवून ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोघांनाही धरून बसतो. भोक बुजतं, रेणू ताठ होतो आणि ऊर्जा पिवळट हिरवा प्रकाश होऊन बाहेर पडते. तांबं किंवा लोह असेल तर उलटं: इलेक्ट्रॉनांच्या त्यांच्या अर्धवट भरलेल्या कक्षा (डी-कक्षा) ती ऊर्जा गिळून टाकतात.

पोरांनी नमुना विरघळवला, आम्ल-अल्काची पातळी स्थिर धरणारं अमोनिया बफर घातलं, ऑक्झाइन सोडलं, ३६५ नॅनोमीटरचा दिवा लावला. नळी लख्ख! बेणं निवडून आलेल्या काकांची नखंही त्या दिव्यात पिवळी-हिरवी दिसत होती. ते हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कुरकुमिन. "काकांच्या बोटात पण झिंक," म्हणत पोरं हसली, पण त्यातला इशारा एकाच्याही डोक्यात शिरला नाही. एकाचं मोबाइलवर शूटिंग चालू होतं. (मोबाइलच्या स्वतः उजळणाऱ्या ओएलईडी पडद्यांची वाट १९८७ साली टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी ॲल्युमिनियम-ऑक्झाइनच्याच थरातून उघडली, हे त्याच्या पेपरात येणार आहे.)

झिंक सल्फेटच्या नावाखाली सर्रास खपवलं जातं ते मॅग्नेशियम सल्फेट: तसेच पांढरे खडे, भाव कितीतरी कमी. आणि अमोनियाच्या त्या अल्कधर्मी बफरात ऑक्झाइन मॅग्नेशियमलाही धरतं, तेही चमकतं. निवाडा पीएचवर, म्हणजे आम्ल-अल्काच्या पातळीवर होतो. झिंकला ५ पीएच पुरतो, मॅग्नेशियमला ९ च्या वर जावं लागतं. म्हणून ५ पीएच राखणारं ॲसिटेट बफर घेऊन दोन नळ्या शेजारी लावायला लावल्या. आमच्या बाटलीतल्या झिंकचा पिवळा साका खाली बसला, दिव्याखाली चमकला. काकांच्या नळीत नितळ पाणी. खात्रीसाठी कॉस्टिक सोडा घातला. झिंकचा पांढरा साका जादा सोड्यात विरघळतो, काकांचा तसाच राहिला, म्हणजे मॅग्नेशियमच. पिशवीवर झिंक २१ टक्के छापलेलं.

"पर सर, चमकलं की!" काका म्हणाले.

खरं तर दिवाही लागत नाही. डीएपी खताच्या निवळीत झिंक सल्फेटचं पाणी ओतलं की दाट थक्का येतो, मॅग्नेशियमचा तसा येत नाही. दोन ग्लासांचं काम. पण हे कार्यशाळेत स्लाइडवर दाखवतात, दुकानाच्या काउंटरवर कुणी करून दाखवत नाही.

काकांना कृषी अधिकाऱ्यांकडे धाडलं; पण पिशवी फोडलेली, आणि १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे निरीक्षकाने घेतलेला नमुनाच चालतो. व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावोगावच्या ग्रुपवर: 'असली झिंक ओळखा, एका दिव्यात'. पोराने तो काढून टाकला, पुढे गेलेले कोण काढणार? त्याला रागावू तरी काय, प्रयोग त्याने चोख केला होता. परवाच औंढ्याहून एकाचा फोन आला. तो दिवा केवढ्याला मिळतो, विचारत होता.