थर्माकोल, मफलर आणि ताटली: घरी केलेला इलेक्ट्रोफोरस

फुगा केसांवर घासून भिंतीला चिकटवणे किंवा कंगव्याने कागदाचे कपटे उचलणे हे प्रयोग बहुतेकांनी शाळेत केलेले असतात. मला मात्र डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल अशी ठिणगी हवी होती. म्हणून मी इलेक्ट्रोफोरस, म्हणजे घासून आणलेल्या विद्युतभाराच्या मदतीने धातूच्या ताटलीवर पुन्हा पुन्हा भार आणणारे उपकरण, करायचे ठरवले. योहान विल्के यांनी १७६२ मध्ये मांडलेले आणि आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७५ मध्ये प्रसिद्धीस आणलेले हे उपकरण इतके साधे आहे, की त्यासाठी बाजारात जावे लागत नाही.

टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा सपाट तुकडा, लोकरीचा जुना मफलर आणि अ‍ॅल्युमिनियमची ताटली एवढे साहित्य घरातच निघाले. ताटलीच्या मधोमध दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने प्लास्टिकचा कोरडा पेला उभा बसवला, तीच मूठ. ताटलीची कड गोल वळवलेली असावी, कारण अणकुचीदार टोकांतून विद्युतभार हवेत निसटतो. ताटलीऐवजी पुठ्ठ्याला चुरगळलेली फॉइल लावून भागवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला म्हणूनच पटत नाही.

लोकरीने घासलेल्या थर्माकोलवर ऋण भार येतो. त्यावर ताटली ठेवली, तरी थर्माकोल विद्युतरोधक असल्यामुळे तो भार तिच्यात फारसा उतरत नाही. तो फक्त ताटलीतील इलेक्ट्रॉन वरच्या बाजूला लोटतो. अशा वेळी ताटलीला बोट लावले की बारीक ‘टिक्’ ऐकू येते, इलेक्ट्रॉन बोटातून निघून जातात आणि ताटलीवर धन भार उरतो. मग बोट काढून, केवळ पेल्याला धरून ताटली उचलायची आणि कडेजवळ बोटाचे पेर न्यायचे: निळसर ठिणगी उडते. थर्माकोल पुन्हा न घासता हे अनेकदा करता येते, कारण ठिणगीची ऊर्जा थर्माकोलच्या भारातून येत नाही. आकर्षणाविरुद्ध ताटली उचलताना आपला हात जे कार्य करतो, त्यातून ती येते.

खरी अडचण हवेची. ठाण्यात ऐन पावसाळ्यात हेच साहित्य निपचित पडून राहिले, कारण दमट हवेत पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि भार त्यावरून वाहून जातो. थर्माकोल आणि मफलर हेअर ड्रायरने बेताने तापवल्यावर थोडीफार टिकटिक मिळाली. जानेवारीत पुण्यात, दुपारच्या कोरड्या हवेत, मात्र काही न तापवताही ठिणग्या सहज मिळाल्या.

सर्वांत समाधान दिले ते वायरमनच्या टेस्टरने. खोलीत अंधार करून, टेस्टरची टोपी बोटाने दाबून त्याचे टोक उचललेल्या ताटलीला लावले, तेव्हा आतल्या निऑन दिव्याच्या दोन तारांपैकी हाताकडची तारच क्षणभर नारिंगी उजळली. ताटली थर्माकोलवर असताना बोटाऐवजी टेस्टर लावला, तेव्हा ताटलीकडची उजळली. निऑनमध्ये ऋण बाजू उजळते. म्हणजे पहिल्या वेळी इलेक्ट्रॉन हातातून ताटलीत जात होते आणि दुसऱ्या वेळी ताटलीतून हाताकडे येत होते.