तुम्ही विचारलंत म्हणून: ही ब्राह्मी लिपी वाचली कोणी?

नाशिकच्या पांडवलेण्यांवर पाहुणे नेले की तिथले ब्राह्मी लेख बघून एक प्रश्न ठरलेला: "ही अक्षरं वाचता येणारा माणूसच उरला नव्हता, मग वाचली कशी?" पायऱ्या चढून धापा टाकणाऱ्याला तिथे ते नीट सांगता येत नाही, म्हणून इथे.

कोडं सुटलं कलकत्त्यात, १८३७ साली. जेम्स प्रिन्सेप तिथल्या टांकसाळीत होता, नाणी पारखणारा. त्याच्याकडे सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरच्या लेखांचे ठसे आले. एकेक लेख जेमतेम ओळभर, आणि कितीतरी लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी. राजाची आज्ञा अशी दगडागणिक तुकड्यांत कोण कोरेल? देवळाच्या पायरीवर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असतं, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे शेवटी 'दानं', आणि त्याच्या आधी सारखा येणारा 'स' षष्ठीचा: अमक्याचं दान. एवढं हाती लागल्यावर बाकीची ब्राह्मी अक्षरं भराभर उलगडली, आणि मग अशोकाचे लेखही.

सगळं श्रेय प्रिन्सेपला देतात, ते मला पटत नाही. आदल्याच वर्षी लासेन या जर्मन पंडिताने अगाथोक्लीझ या ग्रीक राजाचं नाव ब्राह्मीत ओळखलं होतं. त्याच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी, म्हणजे गाईड हातात घेऊनच पेपर!

प्रिन्सेपची युक्ती आपल्याकडेही ताडून बघता येते. अठरावं लेणं म्हणजे चैत्यगृह, भिक्षूंचं प्रार्थनास्थळ. त्याच्या दारावर आहे, 'नासिककनं धंभिकगामस दानं'. नाशिककरांच्या धंभिक गावाचं दान. शेवटाकडून वाचा. 'न' म्हणजे उलटा इंग्रजी टी, शेजारी अनुस्वाराचा ठिपका. 'गामस'मधला 'स' तोच, षष्ठीचा.

दहाव्या लेण्यातले लेख लांबलचक. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. वर्षाचे झाले २४०. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यांसाठी प्रत्येकी १२. हिशोब चोख जुळतो. इथवर आलं की पाहुणे लिपी विसरतात आणि आपापल्या बँकेचा व्याजदर काढतात.