मीड पिताना मध कुठल्या फुलाचा ते विचारा

मीड म्हणजे मधाची दारू, म्हणजे गोडमिट्ट असणार, असं धरून लोक बाटलीला हातच लावत नाहीत आणि मला हे खरंच खटकतं. मधात ८० टक्क्यांच्या आसपास साखर असते, पाणी जेमतेम १७-१८ टक्के. एवढ्या घट्ट मधात यीस्टला काही करताच येत नाही, म्हणून आधी पाणी घालून तो पातळ करतात, मग यीस्ट ती साखर खातं आणि अल्कोहोल बनतं. पूर्ण आंबू दिलं तर गोडवा जवळजवळ सगळा जातो आणि मागे उरतो तो मधाचा वास, म्हणजे खरं तर फुलाचा वास. म्हणून मीड एकदम चिल्ड पिऊ नका प्लीज, फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, १०-१२ डिग्रीला आलं की वाइनच्या ग्लासात ओता आणि घोट घ्यायच्या आधी नीट वास घ्या.

आपल्याकडे सुरुवात करायला सोपं म्हणजे पुण्याच्या मूनशाइन मीडरीचं (मीडरी म्हणजे मीड बनवायची जागा) कॉफी मीड. आधी भाजलेल्या कॉफीचा वास येतो, मग हलका फेस, आणि मध एकदम शेवटी, गिळून झाल्यावर. कॉफीचा कडवटपणा आणि मध एकमेकांना धरून राहतात, कोणी कोणावर चढत नाही, मला हे फार आवडलं. त्यांचं अ‍ॅपल सायडर मीड त्यापेक्षा सरळ आहे, उन्हाळ्यात दुपारी मस्त, पण त्यात सफरचंदच जास्त बोलतं. नाशिकच्या सेराना मीड्सचं (योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघींनी सुरू केलेली मीडरी) जांभळाचं मीड मात्र वेगळ्याच वाटेचं, जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते ना तसा तुरटपणा आहे त्यात, नुसतं पिण्यापेक्षा तिखट मटणाबरोबर घ्या, तिथे ते खुलतं.

एक गोष्ट टेस्टिंग करताना कायम बघते. ग्लासातून उकडलेल्या अंड्यासारखा वास आला तर मधाला दोष देऊ नका. मधात यीस्टला लागणारं नायट्रोजन फार कमी असतं, ते बनवणाऱ्याने वरून थोडं थोडं द्यावं लागतं, नाही दिलं की यीस्टची उपासमार होते आणि तो गंधकाचा वास येतो. ग्लास गोल फिरवून थोडं थांबलं तर कधी कधी तो उडूनही जातो.

आता मुद्द्याचं. चांगल्या कॉफीचं पाकीट उचला, इस्टेटचं नाव, ती किती उंचीवर आहे, वॉश्ड की नॅचरल की हनी प्रोसेस, सगळं लिहिलेलं असतं (या कॉफीचं बी तयार करायच्या पद्धती, आणि हनी प्रोसेसमध्ये मध नसतो बरं का, बीवरचा चिकट गर तसाच ठेवून वाळवतात). आणि जिथे खरंच मध असतो त्या मीडच्या बऱ्याच बाटल्यांवर नुसतं 'मध' एवढंच! कुठला मध? महाबळेश्वरकडे जांभळाचा मध मिळतो, तो किंचित कडवट, हिरड्याचा वेगळा, आणि कारवीचा तर दाट, गडद आणि दुर्मिळ, कारण कारवीचं झुडूप फुलतंच सात-आठ वर्षांतून एकदा. तिथल्याच मांघरला २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर केलं, म्हणजे मध गोळा करणारी माणसं आहेत, कुठला मध कुठल्या फुलाचा हे चवीवरून सांगणारीही आहेत. मग ते बाटलीवर का येऊ नये? एका मधाचं मीड आणि दुसऱ्या मधाचं मीड शेजारी ठेवून प्यायला मिळालं तर लोकांना फरक पटकन कळेल, त्यासाठी एक्स्पर्ट असायची गरज नाही.

तोपर्यंत मी टॅपरूममध्ये (जिथे मीड थेट नळातून ग्लासात मिळतं) गेले की विचारत राहणार, यात मध कुठला, आणि तुम्हीही विचारा. आणि कारवीच्या मधाचं, फळ नाही, मसाला नाही, असं साधं ड्राय, म्हणजे गोड नसलेलं, मीड कोणी काढलं तर मला लगेच कळवा, मी त्यासाठी कितीही लांब यायला तयार आहे.