तुम्ही विचारलंत म्हणून: ‘लेतालिस’ म्हणजे नेमकं काय?

वैद्यकीय संज्ञांमधलं लॅटिन शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो: ‘लेतालिस’ म्हणजे मरणारा की मारणारा?

मारणारा. मरणाऱ्याला ‘मॉर्तालिस’ म्हणतात, म्हणजे आपला मर्त्य. ‘लेतालिस’ आला ‘लेतुम’वरून. लेतुम म्हणजेही मृत्यूच, पण शब्द जुन्या, भारदस्त वळणाचा. रोममध्ये अंत्ययात्रेची दवंडी पिटत, तिच्यात तो यायचा: अमुक नागरिक लेतुमच्या स्वाधीन झाला.

एवढं शब्दकोशातही मिळेल. शब्दाची खरी धार दिसते ती रोमन चरित्रकार स्वेतोनिउसने लिहिलेल्या ज्युलियस सीझरच्या चरित्रात. इ.स.पू. ४४, १५ मार्च. सीझरच्या अंगावर २३ जखमा. अंतिस्तिउस नावाच्या वैद्याचं मत पडलं, की इतक्या जखमांत ‘लेताले’ अशी एकच, छातीवर झालेली दुसरी. (जखमेचा लॅटिन शब्द नपुंसकलिंगी, म्हणून ‘लेताले’. पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूप मात्र एकच, ‘लेतालिस’.)

बाकीच्या २२ जखमाही खंजिरांच्याच होत्या आणि मारेकऱ्यांचा हेतूही तोच होता. तरी हे विशेषण त्यांच्या वाट्याला आलं नाही. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं, कारण त्यात शब्द भीती व्यक्त करत नाही, कारण दाखवतो. आपल्या बातम्यांत माणूस बचावला तरी हल्ला ‘प्राणघातक’च असतो. अंतिस्तिउसने हा शब्द इतका सैल सोडलेला नाही.

कवींनी तो वेगळ्या तऱ्हेने वापरला. व्हर्जिलच्या ‘इनिड’च्या चौथ्या सर्गात प्रेमाने होरपळलेली राणी डायडो शहरभर सैरभैर फिरते. व्हर्जिल तिला क्रीटच्या रानातल्या हरिणीची उपमा देतो. मेंढपाळाने दुरून बाण मारलाय, पण तो लागल्याचं त्याला ठाऊक नाही. हरिणी धावतेय आणि तिच्या कुशीत रुतलाय ‘लेतालिस हारुंदो’, जीव घेणारा बाण. हरिणी अजून जिवंत आहे, डायडोही. पुढचं मरण त्या एका विशेषणाने आधीच सांगून टाकलंय. वैद्य हा शब्द मृत्यूनंतर उच्चारतो, कवी मृत्यूआधी. पण दोघांचाही रोख नेमक्या एका घावावर आहे.

‘फातालिस’शी मात्र त्याची गल्लत करू नका. इंग्रजी ‘फेटल’मुळे ती सर्रास होते. फातालिस म्हणजे नियतीने नेमलेला, मग तो तारणारा का असेना. लिव्ही हा इतिहासकार कामिल्लुस या सेनापतीला ‘फातालिस’ म्हणतो, तो शत्रूचं शहर पाडण्यासाठी आणि स्वतःचा देश वाचवण्यासाठी नेमलेला म्हणून. ‘मॉर्तिफेर’, मृत्यू आणणारा, हा अर्थाने जवळचा. रोमन वक्ता सिसेरो याच्या गद्यात तो भेटतो.

आता राहिला इंग्रजी ‘लीथल’च्या (lethal) स्पेलिंगमधला ‘ह’ (h). मुळात तो नव्हता. ग्रीक पुराणातली विस्मरणाची नदी लीथी हिच्याशी लोकांनी नातं जोडलं आणि ‘ह’ आत शिरला. १६८९ साली लाइपझिगच्या योहानेस बोन यांनी जखमांच्या न्यायवैद्यकीय तपासणीवर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातही शब्द ‘ह’सकटच आहे. त्या काळी युरोपातले न्यायवैद्यक जखमांचे प्रकार पाडत: स्वतःच जीव घेणारी जखम वेगळी, आणि उपचारांतली हेळसांड किंवा दुसऱ्या एखाद्या कारणामुळे जिवावर बेतलेली वेगळी. पहिल्या प्रकारात आरोपीवर खुनाचा ठपका बसे; दुसऱ्यात त्याच्या वकिलाला बोलायला जागा राही. आपल्याकडेही शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना कोर्टात विचारतात, की निसर्गक्रमानुसार मृत्यू यायला ही जखम पुरेशी होती का? माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना उद्या या प्रश्नाचं उत्तर शपथेवर द्यायचं आहे.