रेती अपडेट: गुडघ्याचा चोर सापडला

सापडला एकदाचा! मागच्या तीन अपडेटमध्ये ज्या डाव्या गुडघ्यावरून मी रडून राहिलो होतो, ती बाहेरच्या बाजूची कळ, नदीच्या रेतीत पळताना बरोबर चौथ्या किलोमीटरला येणारी आणि मग दिवसभर शाळेच्या पायऱ्या उतरताना जीव घेणारी, तिचं कारण शूज नव्हते, वयही नव्हतं.

रूट तुम्हाला माहीतच आहे, वडसा पुलाच्या वरच्या अंगाला, वैनगंगेच्या काठाकाठानं गोसेखुर्द धरणाच्या दिशेनं तीन किलोमीटर आणि वापस. आयटीबी (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारी पट्टी) असेल, तिरप्या उतारावर खालच्या पायाची ती पट्टी ताणते, असं दोघातिघांनी सांगितलं होतं. मीच शहाणा, म्हटलं अरे जाणं-येणं एकाच काठानं आहे, उतार दोन्ही पायांना सारखा वाटला जातो ना बाप्पा. तिथंच रेती खाल्ली. मग आठवडाभर आराम केला, पीव्हीसी पाइपावर मांडी लाटली (फोम रोलरचे पैसे वाचवा, पाइप मस्त काम करते), पाय बदलून बदलून स्ट्रेचिंग केलं, चौथा किलोमीटर आला की कळ हजर.

रविवारी डांगरवाडीवरच्या, म्हणजे रेतीतल्या टरबूज-खरबुजाच्या मळ्यावरच्या काकांनी सहज विचारलं, "गुर्जी, तुमी जातानी रोज दिसता, वापस कोन्या वाटेनं येता जी?"

मी मागं वळून पाहिलं. ओल्या पट्ट्यात माझे ठसे सगळे वर जाणारे, खाली येणारा एकही नाही! डाव्या पायाचा प्रत्येक ठसा बाहेरच्या कडेनं खोल रुतलेला. तेव्हा ट्यूब पेटली. हर्ब इलियटचं वाचल्यापासून, तोच तो ऑस्ट्रेलियाचा धावपटू, प्रशिक्षक सेरुटीनं पोर्टसीच्या रेतीच्या टेकड्यांवर पळवलेला आणि १९६० ला रोम ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटर ३:३५.६ मध्ये मारून वर्ल्ड रेकॉर्ड केलेला, मी ताकदीसाठी वापस येताना वरच्या कोरड्या रेतीतून यायला लागलो होतो. म्हणजे ओला उतार फक्त जाताना, नदी कायम डावीकडं, आणि डावा पाय कायम खाली. उजव्याची पाळी कधी आलीच नाही.

सोमवारपासून जाणं-येणं दोन्ही ओल्यातून, पाण्यापासून दोन-तीन पावलं वर, कारण अगदी पाण्याला लागून रेती दलदलीसारखी बसते. गुरुवारी ६ किलोमीटर, ३६:२०, कळ नाही! पोलीस भरतीची पोरं हसली, त्यांना १६०० मीटर ५:१० मध्ये हवं असते, पण मी त्या दिवशी पायऱ्या दोनदा उतरून पाहिल्या, उगाचच.

कोरड्या रेतीचा पेस घड्याळात पाहून कोणी खचू नका. कडक जमिनीच्या दीडपटीहून जास्त, साधारण १.६ पट ताकद तिथं जाते. आणि हो, ऑनलाइन मागवलेले ते जाळीचे शूज रेतीसाठी बेकार, चाळणीच आहे ती. मी आता जुन्या मोज्याचा वरचा भाग कापून घोट्यावर चढवतो, रेती आत जात नाही. अनवाणी पळा म्हणणाऱ्यांनी एकदा इथले शिंपले आणि बाभळीचे काटे पाहून जावे.

कोरड्याचं काय करायचं हा प्रश्न मात्र राहिला. प्लॅन होता की पलीकडच्या बेटावर जायचं, वर सपाट आहे, पण मधात रेती उपसून उपसून डोहासारखे खड्डे झाले आहेत आणि वरून पाणी कधी सोडतील याचा नेम नाही, तर ते कॅन्सल. हे लिहिता लिहिता सुचलं, रेती नेणाऱ्या ट्रॅक्टरची चाकोरी! दोन्ही चाकांचे पट्टे दाबून सपाट झालेले, मधली रेती पोकळ, म्हणजे एक मिनिट चाकोरीत आणि एक मिनिट मधातून, उतार कुठंच नाही. रेती चोरीची असली तरी चाकोरी फुकट आहे. अक्षय्य तृतीयेपर्यंत कोरड्यात १० किलोमीटरचं टार्गेट होतं ते सोडतो, आठवड्यातून दोनदा २० मिनिटं चाकोरी, बाकी ओला पट्टा. पहाटे साडेपाचला ट्रॅक्टर रिकामे वापस येत असतात, तेवढं पाहून उतरावं लागेल, सहानंतर जाऊ का?