शनीची एक फेरी

शनीला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. माझ्या नोकरीचा बहुतेक काळ या एका फेरीत मावतो, हे निवृत्तीनंतर माळ्यावरून दुर्बिणीची पेटी खाली उतरवताना माझ्या ध्यानात आले. मी आणि माझ्या एका मित्राने १९९५ साली याच सहा इंची दुर्बिणीतून शनीची कडी जवळजवळ नाहीशी झालेली पाहिली होती, आणि २०२५ मध्ये शनी पुन्हा कुंभ आणि मीन यांच्या सीमेपाशी, तशीच मिटलेली कडी घेऊन आला होता. ही कडी अडीच लाख किलोमीटरांहून अधिक रुंद असली, तरी बहुतेक ठिकाणी त्यांची जाडी शंभर मीटरही नाही. त्यामुळे दर चौदा-पंधरा वर्षांनी पृथ्वी त्यांच्या पातळीत आली, की ती दिसेनाशी होतात. १६१२ मध्ये याच प्रकाराने गॅलिलिओ चक्रावून गेला होता. मधली २००९ ची संधी शनी आकाशात सूर्याच्या फार जवळ दिसत असल्यामुळे गेली, असे मी सांगत असे. खरे तर त्या वर्षी मी एकदाही वर पाहिले नव्हते.

लोकांच्या मागे शनी लागतो, तरुणपणी आम्ही दोघे शनीच्या मागे लागलो होतो. दुर्बिणीचा आरसा आम्ही स्वतः घासला होता. पिंपावर ठेवलेल्या काचेच्या दोन चकत्यांमध्ये पाणी आणि कार्बोरंडम या कठीण पदार्थाची पूड घालून एक चकती दुसरीवर पुढे-मागे सरकवायची, दर काही हातांनंतर पिंपाभोवती एक पाऊल सरकायचे, आणि असे कित्येक तास, कित्येक आठवडे करत राहायचे. एकाचे हात भरून आले की दुसरा पुढे होई. शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर झिलई करून काचेचा पृष्ठभाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या हिश्श्याइतका अचूक करावा लागतो. तेथे घाई केली, की सारे पहिल्यापासून. एवढी चिकाटी मी पुढे कोणत्याही कामात दाखवल्याचे मला आठवत नाही.

आमचे भांडण असे झालेच नाही. त्याची बदली झाली, माझी जबाबदारी वाढली, पत्रांची जागा फोनने घेतली आणि फोनची जागा वाढदिवसाच्या एका ओळीने. भांडण झाले असते तर निदान समेट करता आला असता. काहीच न घडता तुटलेल्या मैत्रीला कोठून हात घालावा, हे कळत नाही. २०२२ मध्ये पेगी लिऊ या संशोधिकेचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम प्रसिद्ध झाले होते. आपण अचानक विचारपूस केली तर समोरच्याला किती बरे वाटेल, याचा अंदाज माणसे सहसा कमीच करतात, असे त्यातून दिसले. ते माहीत असूनही मी तीन आठवडे घालवले. अखेर मी फक्त आरशाचा फोटो पाठवला. ॲल्युमिनियमचा थर जागोजागी उडाला होता, कडेला डाग पडले होते. दहा मिनिटांत उत्तर आले : ‘पुसू नकोस. आधी पाण्याची धार सोड.’

जुने मित्र भेटतात आणि जेथे सोडले होते तेथूनच गप्पा सुरू होतात, असे म्हणतात. आमचे तसे झाले नाही. तो नोव्हेंबरात आला, तेव्हा पहिला तास आम्ही मुलांची शिक्षणे, रक्तदाब आणि निवृत्तिवेतन यांवर अनोळखी प्रवाशांसारखे बोललो. त्याच्या आयुष्यातील दोन मोठी दुःखे मला ठाऊकच नव्हती, आणि ती ऐकताना तेव्हा मी कोठे होतो हा प्रश्न मनात होता. तो त्याने विचारला नाही, हे अधिकच टोचले. गच्चीवर गेल्यावर मात्र बोलणे सोपे झाले. अंधारात डोळे सरावायला अर्धा तास लागतो, आमच्या वयात अधिकच; तेवढा वेळ शेजारी बसायचे, एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचे नाही. माझी क्षमायाचना त्याच अर्ध्या तासात झाली. त्याने ‘हं’ म्हटले आणि नवा थर दिलेला आरसा नळीत नीट बसला आहे का ते तपासायला घेतले.

त्या रात्री कड्यांचा कल अर्ध्या अंशाहूनही कमी होता. शनीच्या दोन बाजूंना सुईने ओढल्यासारखी एक रेघ, आणि जरा दूर त्याचा सर्वांत मोठा चंद्र टायटन. तरुणपणी अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडणारी डोळ्याची बाहुली साठीत पाचच्या आसपास येते, म्हणून पूर्वी नुसत्या डोळ्यांनी दिसणारे पुष्कळ तारे आता शोधूनही सापडेनात. त्याचे मला वाईट वाटले. त्याला नाही. त्याच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. वयानुसार पिवळे पडणारे नैसर्गिक भिंग निळा प्रकाश अडवते. त्या जागी स्वच्छ कृत्रिम भिंग आल्यामुळे हंस तारकासमूहातील अल्बिरिओ या जोडताऱ्यातला फिका तारा त्याला उजव्या डोळ्याने लख्ख निळा दिसतो, डाव्याने करडा. तो आळीपाळीने दोन्ही डोळे लावत राहिला आणि मला माझ्या डोळ्याने काय दिसते ते विचारत राहिला. मी निळसर म्हणालो. ते त्याला पटले नाही. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन फेब्रुवारीत आहे. तोपर्यंत दोन्ही डोळ्यांची तुलना लिहून ठेवायची म्हणून त्याने माझ्याकडून आमची जुनी निरीक्षणवही मागून नेली आहे. तीत मध्ये पुष्कळ पाने कोरी आहेत. त्यांवर काही लिहायचे नाही, असे आमचे ठरले आहे.